इंग्रजी वाक्यातला ‘विम’: जोम आणि तडफ सांगणारा शब्द वापरायचा कसा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या कार्यालयात मी बरीच वर्षे काम केले. परदेशी ग्राहकांची पत्रे वाचणे आणि त्यांना उत्तरे लिहिणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. शिक्षण मराठी माध्यमातले असल्याने माझे इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाएवढेच होते, आणि बोलायची वेळ आली की तेही निम्म्यावर येत असे. एकदा परदेशी पाहुणे कारखाना पाहायला येणार होते आणि स्वागताचे चार शब्द लिहून वाचायचे काम माझ्याकडे आले. शब्दकोशात ‘जोम, उत्साह’ या अर्थी ‘विम’ हा इवलासा शब्द सापडला. तो कोणी वापरलेला मी ऐकला नव्हता, म्हणून हौसेने मी तोच घातला आणि खड्या आवाजात वाचले, “वुई वेलकम यू इन अवर विम.”

पाहुण्यांनी सभ्यपणे माना हलवल्या. मागे दारात मात्र कॅन्टीनचे मामा उभे होते, आणि त्यांच्या हातातल्या तारेच्या घासणीला हिरव्या वडीचा नखाएवढा तुकडा चिकटलेला होता. ते मोठ्याने म्हणाले, “सायेब, विम संपलंय, सकाळीच सांगून ठेवलंय की स्टोअरला!”

हसे झाले ते साबणामुळे, पण चूक साबणाची नव्हती. सहा शब्दांच्या त्या वाक्यात मी तीन चुका केल्या होत्या: शब्दयोगी अव्यय मराठीतून उचलले होते, ‘आमचा विम’ अशी मालकी लावली होती, आणि घरगुती बोलण्यातला शब्द औपचारिक स्वागतात नेऊन ठेवला होता. या तीनही चुका मला पुढे एकेक करून, निरनिराळ्या प्रसंगी कळल्या. ‘अंगात जोम आहे’ हे साधे वाक्य इंग्रजीत नेताना नवशिक्याचा पाय कुठे कुठे अडकतो हे त्यामुळे मला चांगले ठाऊक आहे, आणि पुढच्या पायऱ्या त्या अनुभवावरूनच लावल्या आहेत.

लागणारे साहित्य

इंग्रजीतून इंग्रजी अर्थ देणारा, शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला एखादा कोश हवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेरियम-वेबस्टर यांचे असे कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात आणि शब्दाशेजारच्या चिन्हावर बोट ठेवले की उच्चारही ऐकू येतो. इंग्रजी–मराठी कोश जवळ असू द्यावा, पण तो अर्थाचा अंदाज येण्यापुरता; वाक्य करताना तो मिटून ठेवावा, कारण ‘उत्साह’ या एका शब्दासमोर तो पाच इंग्रजी शब्द मांडतो आणि त्यांतला कोणता कुठे बसतो हे सांगत नाही. याशिवाय एक वही, आवाज मुद्रित करता येईल असा फोन आणि हातात धरायचा छोटा आरसा घ्यावा. आरसा कशाला, ते दुसऱ्या पायरीत येईल.

एक सूचना इथेच देतो. फोनवर नुसती व्ही, आय, एम ही तीन अक्षरे टाकून शोध घेतला, तर भांड्यांच्या साबणाच्या जाहिराती येतात किंवा त्याच नावाच्या संगणक प्रोग्रॅमची माहिती येते. तो प्रोग्रॅम मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी आहे, ब्राम मूलेनार यांनी तो १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला, आणि आपल्या कामाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून अक्षरांपुढे ‘मीनिंग’ हा शब्द जोडावा, किंवा थेट कोशाचे पान उघडावे.

१. शब्दाचे कूळ एकदा पाहून घ्या

कूळ पाहिल्याने वाक्य आपोआप बरोबर येत नाही, पण शब्द डोक्यात रुजतो. लॅटिन भाषेत ‘विस’ म्हणजे बळ, आणि त्याचे द्वितीया विभक्तीचे रूप ‘विम’. शाळेत ज्यांनी ‘रामः, रामौ, रामाः’ पाठ केले आहे, त्यांनी द्वितीयेतले ‘रामम्’ आठवावे. शेवटी ‘म’ येण्याची ती रीत लॅटिनमध्येही आहे. इंग्रजीतला हा शब्द त्या द्वितीयेच्या रूपावरून आला असे कोश मानतात. तो अमेरिकेतल्या इंग्रजीत उगवला आणि त्याची लिखित नोंद १८४३ पासून मिळते. इंग्लंडच्या लीव्हर ब्रदर्स या कंपनीने घासण्याची पूड ‘विम’ या नावाने बाजारात आणली ती १९०४ मध्ये, म्हणजे शब्द साबणाहून साठएक वर्षांनी थोरला आहे. हे मी कॅन्टीनच्या मामांना नंतर सांगितले होते, पण त्यांना पटल्यासारखे दिसले नाही.

त्याचा जोडीदार ‘व्हिगर’ मात्र फार जुना आहे. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि चौदाव्या शतकापासून वापरात आहे. ज्या मुळापासून ‘व्हिगर’ निघाला, त्याच मुळापासून ‘व्हेजिटेबल’ही निघाला आहे, कारण मुळात त्या शब्दाचा अर्थ ‘सजीव, टवटवीत’ असा होता. ताकदीचे नाते भाजीशी जुळलेले पाहून आमच्या पेठेतल्या मटणप्रेमी मंडळींना वाईट वाटेल, पण कोशाला इलाज नाही.

२. आरसा घेऊन उच्चार बसवा

मी देवनागरीत सवयीप्रमाणे ‘विम’ आणि ‘व्हिगर’ असे निरनिराळे लिहितो आहे, पण दोन्हींचे पहिले अक्षर एकच आहे, व्ही. त्याचा आवाज आपल्या ‘व’सारखा नाही आणि ‘व्ह’सारखाही नाही. वरचे पुढचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि घशातून आवाज सोडायचा. ओठावर बारीक थरथर जाणवली म्हणजे उच्चार जमला. आरशात दात दिसले पाहिजेत. ओठांचा चंबू झालेला दिसला, तर तो डब्ल्यूचा उच्चार आहे.

हे एवढे बारकाईने सांगायचे कारण असे, की डब्ल्यू-एचने सुरू होणारा ‘व्हिम’ हा वेगळाच शब्द इंग्रजीत आहे आणि त्याचा अर्थ आहे लहर, हुक्की. “ही वर्क्स विथ विम” म्हणजे तो तडफेने काम करतो. “ही वर्क्स ऑन अ व्हिम” म्हणजे त्याला लहर आली की तो काम करतो. एखाद्या सहकाऱ्याची शिफारस करताना या दोहोंत गल्लत झाली, तर बिचाऱ्याच्या पगारवाढीचे काही खरे नाही. मराठी तोंडाला हे दोन्ही शब्द सारखेच येतात. म्हणून दोन्ही वाक्ये पाठोपाठ म्हणून फोनवर मुद्रित करावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावीत. त्याच दिवशी ऐकले तर आपल्याला आपले सगळे बरोबरच वाटते.

‘व्हिगर’चा शेवटही एकदा ऐकून घ्यावा. लिहिताना ब्रिटिश पद्धतीत ओ-यू-आर आणि अमेरिकन पद्धतीत नुसते ओ-आर असते, तरी उच्चारात ‘व्हिगौर’ असे काही नाही. लिहिण्याचा सापळा पुढे आहे. विशेषण करताना, म्हणजे ‘व्हिगरस’ लिहिताना, ब्रिटिश पद्धतीतही तो यू गळून पडतो. मूळ शब्द आठवून मी कित्येक पत्रांत तो यू तसाच ठेवला होता, आणि अक्षरांखालची लाल रेघ हा संगणकाचा आगाऊपणा आहे असे समजत होतो.

३. ‘जोमात’मधला ‘आत’ मराठीतच राहू द्या

माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून या पायरीवर घाई करू नका.

आपण म्हणतो, ‘पोरं जोशात आहेत’, ‘ऊस जोमात आहे’, ‘अंगात रग आहे’. सगळीकडे सप्तमी. माणूस जोशाच्या आत असतो, किंवा जोश माणसाच्या आत असतो. ही सप्तमी डोक्यात घेऊन इंग्रजी लिहायला बसले की हात आपोआप ‘इन’ लिहितो: “ही इज इन विम”, “एनर्जी इज इन माय बॉडी”. दोन्ही वाक्ये इंग्रज माणसाला कळतील, पण तो स्वतः तशी कधी बोलणार नाही. इंग्रजीत जोम हा भांड्यात भरल्यासारखा माणसात भरलेला असतो, नाहीतर हत्यारासारखा सोबत घेतलेला असतो. त्यामुळे दोन साचे आधी पक्के करावेत.

पहिला साचा ‘फुल ऑफ’चा. “माय ग्रँडमदर इज फुल ऑफ विम,” म्हणजे आजी अजून चांगली तडफदार आहे. “द चिल्ड्रन वेअर फुल ऑफ एनर्जी आफ्टर द ट्रिप टू पन्हाळा,” म्हणजे पन्हाळ्याहून आल्यावरही पोरांच्या अंगातली रग काही जिरली नव्हती. दुसरा साचा ‘विथ’चा, आणि तो क्रिया कशी केली हे सांगतो. “शी स्वेप्ट द यार्ड विथ विम,” म्हणजे तिने अंगण झपाट्याने झाडून काढले. जिथे मराठीत ‘-ने’ लावून चालते, म्हणजे तडफेने, उत्साहाने, जोमाने, तिथे डोळे मिटून ‘विथ’ घालावे. जिथे ‘-त’ येतो, तिथे थांबावे आणि वाक्य ‘फुल ऑफ’मध्ये किंवा ‘हॅव’मध्ये बसते का ते पाहावे. ‘माझ्यात आता ताकद उरली नाही’ याचे “आय हॅव नो एनर्जी लेफ्ट” होते. मराठीतली ताकद वाक्याची कर्ता आहे, पण इंग्रजीत कर्ता मी आहे.

दुसरी गोष्ट वचनाची. विम, व्हिगर, पेप, स्टॅमिना हे सगळे न मोजता येणारे शब्द आहेत. दूध जसे एक दूध, दोन दूध होत नाही, तसेच. त्यांचे अनेकवचन करू नये आणि त्यांच्या आधी ‘अ’ लावू नये. थोडेसे म्हणायचे तर “अ बिट ऑफ विम”, पुष्कळ म्हणायचे तर “लॉट्स ऑफ एनर्जी”. ‘स्टॅमिना’ हा शब्द लॅटिनमध्ये धागा या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन होता, तरी इंग्रजीत तो एकवचनीच चालतो, म्हणून “हिज स्टॅमिना इज गुड” असेच लिहावे.

या नियमाला दोन अपवाद आहेत, आणि ते वाचनात येतातच, म्हणून सांगून ठेवतो. ‘एनर्जी’चे अनेकवचन ‘एनर्जीज’ होते, पण तेव्हा अर्थ ‘सगळे श्रम, सगळी शक्ती’ असा असतो: “शी पुट ऑल हर एनर्जीज इंटू द न्यू शॉप,” तिने सगळे बळ नव्या दुकानात ओतले. आणि पुढे त्या जोमाचे वर्णन करणारे वाक्य येत असेल, तर ‘अ’ चालतो: “ही आर्ग्यूड विथ अ व्हिगर दॅट सरप्राइज्ड अस,” ज्या जोराने तो वाद घालत होता तो पाहून आम्ही चकित झालो. वर्णन काढून टाकले की ‘अ’ही जातो. एवढे दोन सोडले तर नियम सरळ आहे.

क्रियापदाचा मोह आवरावा. आपण ‘जोश’वरून ‘जोशात येणे’ करतो म्हणून ‘विम’ला ‘करणे’ जोडून पाहू नये; ‘डू विम’, ‘गेट विम’ असे काही नाही. ‘पेप’ला मात्र ही सवलत आहे. “अ कप ऑफ टी विल पेप यू अप,” म्हणजे चहा घे, तरतरी येईल.

४. तांबडा-पांढरा उलटा करू नका

‘विम’ एकटा कमी दिसतो. तो बहुतेक वेळा ‘व्हिगर’चा हात धरून येतो: “विम अँड व्हिगर”. दोन्हींचा आरंभ एकाच अक्षराने होतो, दोन्हींचा अर्थ जवळजवळ तोच, आणि दोघे मिळून एकच शब्द झाल्यासारखे आहेत. मराठीला हे नवे नाही. आपण पालापाचोळा म्हणतो, बाजारहाट म्हणतो, कामधंदा म्हणतो. पाचोळापाला कोणी म्हणत नाही. कोल्हापूरकराला तर याहून जवळचे उदाहरण आहे. खानावळीत बसून ‘पांढरा-तांबडा द्या’ असे कोणी म्हणाले, तर रस्सा दोन्ही मिळेल, पण माणूस बाहेरगावचा आहे हे वाढप्याला कळेल. “व्हिगर अँड विम” म्हटल्यावर इंग्रजी कानाला असेच काहीसे वाटते. चूक नव्हे, पण परके.

या जोडीच्या मध्ये काही घुसवूही नये. “विम अँड ग्रेट व्हिगर” असे करून मी एकदा वाक्याची शोभा घालवली होती. जोर द्यायचाच असेल तर तो जोडीच्या बाहेर ठेवावा: “फुल ऑफ विम अँड व्हिगर”, “विथ ऑल हिज ओल्ड विम अँड व्हिगर”. शेवटचे वाक्य आजारातून उठलेल्या माणसाबद्दल फार छान बसते, कारण त्यात ‘पूर्वीसारखाच’ हा भाव येतो.

५. मराठीत नेमके काय म्हणायचे आहे, ते आधी ठरवा

इंग्रजी शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा उलट बाजूने जावे असे माझे मत आहे. आपल्याकडे या अर्थाचे शब्द भरपूर आहेत आणि त्यांतले बारकावे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहेत. जोम, तडफ, रग, दम, तरतरी, हुरूप, उमेद यांत कोणी गोंधळत नाही. तालमीत मेहनत करणाऱ्या पैलवानाला ‘याच्यात तरतरी आहे’ असे आपण म्हणणार नाही, आणि सकाळचा चहा घेतल्यावर ‘रग आली’ असे म्हणणार नाही. हे भान वापरूनच इंग्रजी शब्द निवडावा.

‘जोम’साठी ‘व्हिगर’ इतका चांगला बसतो की मला सुरुवातीला शंका आली होती. आपण जोम माणसालाही लावतो आणि पिकालाही. इंग्रजीतही तसेच आहे. ‘उसाची वाढ जोमदार आहे’ याचे “द शुगरकेन इज ग्रोइंग व्हिगरसली” असे सरळ होते. दोन वाणांच्या संकरातून निघालेले रोप पुष्कळदा दोन्ही आईबापांपेक्षा जोरकस वाढते, त्याला शेतीशास्त्रात ‘हायब्रिड व्हिगर’ म्हणतात आणि मराठी पुस्तकांत ‘संकर जोम’. बियाणे शेतात किती जोराने उगवून येईल याला ‘सीड व्हिगर’ म्हणतात. कृषी विषय घेतलेल्या मुलांनी हा शब्द याच दाराने आत घ्यावा. पिकाला मात्र ‘विम’ लावू नये, कारण तो शब्द माणसाच्या चालण्या-बोलण्याचा आहे. उभा ऊस तडफदार नसतो.

‘दम’ म्हणजे ‘स्टॅमिना’. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहिलेल्या माणसाला हा फरक समजावून द्यावा लागत नाही. पहिल्या मिनिटाला मल्ल झेप घेतो ती ताकद आणि तडफ. वीस मिनिटांनंतरही त्याचा पवित्रा ढिला पडत नाही तो दम. “ही हॅज स्ट्रेंग्थ, बट नो स्टॅमिना,” म्हणजे ताकद आहे, पण दम नाही. “ही केम आउट विथ विम अँड व्हिगर,” म्हणजे आखाड्यात उतरला तो तडफेने. याच दोन वाक्यांवर सराव करा. ती डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून विसरत नाहीत.

‘तरतरी’साठी ‘पेप’. हा शब्द ‘पेपर’, म्हणजे मिरी, याचे कापून केलेले रूप आहे, आणि झणझणीत खाल्ले की माणूस ताजातवाना होतो हे कोल्हापुरात तरी कोणाला पुराव्याने सिद्ध करून दाखवावे लागणार नाही. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ फुटबॉल खेळायला उतरतात, त्याआधी प्रशिक्षक पोरांना गोल उभे करून जे चार शब्द सुनावतो, त्याला ‘पेप टॉक’ म्हणतात. ते शब्द कागदावर उतरवण्यासारखे नेहमीच असतात असे नाही, पण हुरूप मात्र येतो.

‘चवीने’ या अर्थाकडे झुकणारा उत्साह असेल तर ‘गस्टो’. मूळ इटालियन शब्दाचा अर्थच चव असा आहे. “ही एट द मिसळ विथ गस्टो” या वाक्यात घाम पुसत पाव मागणारा माणूस दिसतो. “ही एट द मिसळ विथ विम” असेही म्हणता येईल, पण मग तो खातो आहे की मिसळीशी झुंजतो आहे असा प्रश्न पडतो. ‘झेस्ट’ याच्या जवळचा. तो लिंबा-संत्र्याच्या सालीवरून आला आणि बहुधा “झेस्ट फॉर लाइफ” या रूपात भेटतो, म्हणजे जगण्याची हौस. नवशिक्याला रोज लागणारा शब्द तो नव्हे, ओळख असली की पुरे.

इथे दोन सापळे आहेत आणि ते दोन्ही आपल्या रोजच्या मराठीत शिरलेल्या इंग्रजी शब्दांनी लावलेले आहेत. पहिला ‘पॉवर’. ‘अंगात पॉवर नाही’ असे आपण सहज म्हणतो, पण “वुई हॅव नो पॉवर” हे इंग्रजी वाक्य ऐकणाऱ्याला वाटते की लाईट गेली आहे, नाहीतर आपल्या हातात अधिकार नाहीत. यंत्र बंद पडल्याची तक्रार नोंदवताना ते वाक्य बरोबर. थकव्याबद्दल सांगताना “आय हॅव नो एनर्जी” म्हणावे. दुसरा ‘विकनेस’. ‘मला विकनेस आलाय’ हे दवाखान्यातले वाक्य इंग्रजीत “आय फील वीक” असे होते. “आय हॅव अ वीकनेस फॉर जिलेबी” याचा अर्थ जिलेबी खाऊन अशक्तपणा आला असा नसून, जिलेबी दिसली की मला राहवत नाही असा आहे. डॉक्टर मराठी असतील तर काही बिघडत नाही, पण मुलाकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांनी हे एक वाक्य तरी नीट शिकून जावे.

६. वाचणारा कोण आहे ते पाहा

कोशात शब्दाच्या पुढे तिरक्या अक्षरांत लिहिलेली एक-दोन शब्दांची खूण आपण वाचत नाही. मी तरी वाचली नव्हती. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत ‘विम’पुढे अनौपचारिक आणि काहीसा जुन्या वळणाचा अशी खूण असते. म्हणजे तो शब्द घरातला, गप्पांतला, थोडा मिश्कील. आपल्याकडे वडीलधारी माणसे कौतुकाने ‘पोरगं भारी चपळ हो’ म्हणतात, त्या सुरातला. आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या भाषणात तो शोभतो, मित्राला पाठवलेल्या संदेशात शोभतो. नोकरीच्या अर्जात “आय अॅम फुल ऑफ विम” असे लिहिले तर वाचणारा हसेल, आणि ते हसणे आपल्या फायद्याचे असेलच असे नाही.

अर्जात ‘एनर्जी’ किंवा ‘एनर्जेटिक’ लिहावे. कार्यालयीन पत्रात काम पुन्हा जोराने सुरू केल्याचे सांगायचे तर “विथ रिन्यूड व्हिगर” हा तयार प्रयोग आहे आणि तो कुठेही खटकत नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ग्राहकाला पाठवायच्या पत्रात मी तो वर्षानुवर्षे वापरला. बातम्यांत ‘व्हिगरसली’ हे क्रियाविशेषण नाकारण्याच्या क्रियेला चिकटलेले दिसेल, “ही व्हिगरसली डिनाइड द चार्ज,” म्हणजे त्याने आरोप ठामपणे फेटाळला. आणि पाककृतीत ते ढवळण्याला लागते, “स्टर व्हिगरसली,” म्हणजे जोराने ढवळा. दोन्हीकडे मराठीत निरनिराळे शब्द येतात, इंग्रजीत मात्र एकच चालतो.

मालकीचेही इथेच सांगतो, कारण माझ्या स्वागताच्या वाक्यात ती चूक होती. “हिज ओल्ड विम” म्हणता येते, कारण त्यात एका माणसाचा स्वभावविशेष सांगितला आहे. पण ‘आमच्या जोशात तुमचे स्वागत’ ही कल्पनाच मराठी आहे. इंग्रजीत स्वागत जोमाने होत नाही, ते ऊबेने होते: “अ वॉर्म वेलकम”. कोल्हापूरच्या मे महिन्यात कोणाचे ‘उबदार स्वागत’ करणे आपल्याला विचित्र वाटेल, पण ती थंड हवेच्या देशातली भाषा आहे आणि तिच्या उबेला तिथे किंमत आहे.

७. वही अशी भरा

डाव्या पानावर मराठी वाक्य लिहावे, आणि ते खरोखर घरात किंवा कामावर बोललेले असावे. ‘तो उत्साही आहे’ असली पुस्तकी वाक्ये घेऊ नयेत, कारण ती कोणी कोणाला म्हणत नाही. ‘रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारल्या की दिवसभर तरतरी राहते’, ‘रात्रपाळी करून आल्यावर अंगात काही त्राण उरत नाही’, ‘म्हातारीचा आवाज अजून खणखणीत आहे’, अशी वाक्ये घ्यावीत. मग प्रत्येकातला कर्ता बदलावा लागतो का, ते पाहावे. पहिल्या वाक्यात मराठीत कर्ता तरतरी आहे. इंग्रजीत फेऱ्यांना कर्ता केले की वाक्य सुटते: “टू राउंड्स ऑफ रंकाळा गिव्ह मी एनर्जी फॉर द होल डे.” दुसरे वाक्य “आफ्टर अ नाइट शिफ्ट आय हॅव नो एनर्जी लेफ्ट” असे होते. तिसऱ्यात जोमाचा कोणताच शब्द घालायची गरज नाही, “हर व्हॉइस इज स्टिल स्ट्राँग” एवढे पुरते. नवा शब्द शिकलो म्हणून तो प्रत्येक वाक्यात कोंबण्याचा आजार मला दोन महिने होता.

दिवसाला तीन वाक्ये पुरे. उजव्या पानावरचे वाक्य लिहून झाले की कोशात तो शब्द उघडावा आणि तिथल्या उदाहरणांत आपल्यासारखा साचा सापडतो का ते पाहावे. सापडला तर शेजारी खूण करावी. सापडला नाही तर वाक्य चुकलेच असे नव्हे, पण ते कोणाला पाठवण्याआधी ‘विम’च्या किंवा ‘व्हिगर’च्या जागी ‘एनर्जी’ घालून वाचावे. तो शब्द मध्यम वजनाचा आहे, पत्रात आणि गप्पांत सारखाच चालतो. आठवड्याने सगळी वाक्ये फोनवर मोठ्याने वाचून मुद्रित करावीत, आणि ऐकताना समोर आरसा घेऊन पुन्हा म्हणावीत. ‘विम’च्या वेळी दात दिसले नाहीत, तर ते वाक्य त्या दिवशी दहा वेळा म्हणावे, शक्यतो भांडी घासणारे कोणी जवळ नसताना.